घरात कामाला किती जण?

शिक्षकाला आयुष्यात किती तक्ते भरावे लागतात याची मोजदाद कुणी केलेली नाही. जनगणना, दारिद्र्यरेषेची पाहणी, शाळाबाह्य मुलांचा शोध, मतदार याद्या. त्यातल्या पुष्कळ तक्त्यांत एक रकाना हमखास असतो : कुटुंबातील काम करणाऱ्या व्यक्ती किती? रकाना लहान असतो, एका आकड्यापुरता. आपण विचारतो, घरातले कुणीतरी सांगते, आपण लिहितो आणि पुढच्या घराकडे वळतो. हा एक आकडा लिहिताना नेमके काय घडते, तेवढेच या लेखात पाहायचे आहे. त्यासाठी नंदुरबार जिल्ह्याइतकी चांगली जागा आम्हाला दुसरी माहीत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १६ लाख ४८ हजार, त्यातले सुमारे ६९ टक्के आदिवासी. तापीकाठच्या शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर ऊस, केळी, कापूस, मिरची. उत्तरेला अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांत सातपुड्याचे डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे नर्मदा. डोंगरातले एक गाव म्हणजे एकमेकांपासून लांब असलेल्या, कधी मध्ये ओढे आणि टेकड्या असलेल्या अनेक पाड्यांचा समूह.

समजा, अक्राणी तालुक्यातल्या अशाच एका पाड्यावर पाच माणसांचे एक कुटुंब आहे. नवरा-बायको, नवऱ्याची म्हातारी आई, आश्रमशाळेत अकरावीला असलेला सतरा वर्षांचा मुलगा आणि चौदा वर्षांची मुलगी. घराची तीन एकर उताराची जमीन. आपल्याला या घरी वर्षातून चार वेळा जायचे आहे आणि दर वेळी एकच प्रश्न विचारायचा आहे : घरात कामाला किती जण?

जुलैत गेलो तर नवरा, बायको दोघेही शेतात आहेत. ज्वारी आणि मक्यातली निंदणी चालू आहे. आजी गुरांकडे आहे. उत्तर येते, ‘आम्ही दोघे शेती करतो.’ आजी सुटली. ऑक्टोबरात गेलो तर पीक काढायला आले आहे, शिवाय मुकादमाकडून उसतोडीची उचल घेऊन झाली आहे. उत्तर तेच. जानेवारीत गेलो तर नवरा-बायको दक्षिण गुजरातेत बारडोलीच्या बाजूला ऊस तोडत आहेत. मुलगीही बरोबर गेली आहे, लहान भाचरांना सांभाळायला. घरी एकटी आजी. ती म्हणते, ‘कुणी नाही, मी एकटीच.’ एप्रिलमध्ये गेलो तर पहाटे आजी मोहाची फुले वेचते आहे. दुपारी ती फुले अंगणात वाळत पडलेली दिसतात. आपण विचारतो, ‘आजी, तुम्ही काय काम करता?’ आजी हसते. या वयात कसले काम?

चार भेटी झाल्या आणि उत्तरेही वेगवेगळी आली. गंमत अशी, की यातले एकही उत्तर खोटे नाही. मग तक्त्यात काय लिहायचे?

हा पेच जुना आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी करून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. गाव शेतीवर जगते असे वरवर पाहता वाटावे, पण जमाखर्च मांडल्यावर असे दिसले की कित्येक घरांचा मेळ बाहेरच्या मजुरीशिवाय बसतच नव्हता. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी अशा पाहण्यांची परंपराच उभी केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष होते आणि गाडगीळ सदस्य. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सगळ्या देशाला विचारणे शक्य नाही, म्हणून शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या थोड्या घरांना नीट विचारायचे, ही कल्पना. बंगालमधल्या तागाच्या पिकावर महालनोबिसांनी ती आधीच पारखून घेतली होती.

पिकाच्या बाबतीत हे सोपे होते म्हणा. ताग उभा असतो, कापून तोलता येतो. माणसाचे ‘काम’ तसे तोलता येत नाही. बेकारीचे अंदाज कसे करावेत हे ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने १९७० मध्ये अहवाल दिला. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ प्रा. दांतवाला तिचे अध्यक्ष होते. समितीच्या म्हणण्याचा आशय असा : कारखानदारी देशांत माणूस एक तर नोकरीत असतो किंवा बेकार. आपल्याकडे एकच माणूस वर्षात शेतकरी, मजूर, गुराखी आणि रिकामा असे सगळे काही असतो. तेव्हा बेकारीचा एकच आकडा काढण्याचा हट्ट सोडावा.

यातून एका मोजपट्टीऐवजी अनेक पट्ट्या आल्या आणि १९७२-७३ च्या पाहणीपासून त्या वापरात आहेत. पहिली पट्टी वर्षाची. मागच्या ३६५ दिवसांत माणसाचा जास्तीत जास्त वेळ कशात गेला, ते त्याचे मुख्य काम. त्याशिवाय किमान ३० दिवस आणखी काही केले असेल तर ते दुय्यम काम. दुसरी पट्टी आठवड्याची. मागच्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केले असेल तर तो माणूस त्या आठवड्यात कामावर. तिसरी दिवसाची. तिच्यात आठवड्यातला एकेक दिवस, कधी अर्धा दिवससुद्धा, वेगळा मोजला जाई. २०११-१२ पर्यंतच्या मोठ्या पाहण्यांत या तिन्ही पट्ट्या होत्या. २०१७ पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमबल पाहणीत मुख्यतः पहिल्या दोन वापरतात.

आता आपल्या कुटुंबाला या पट्ट्या लावून पाहा. आश्रमशाळेतला मुलगा वर्षाच्या पट्टीवर विद्यार्थी आहे. पण मे महिन्यात तो घरी येतो. धडगावच्या परिसरात ते आमचुराचे दिवस. घरोघर कैऱ्या सोलून, फोडी करून उन्हात वाळवतात आणि व्यापाऱ्याला विकतात. दिवाळीच्या सुटीतही तो मजुरीला जातो. समजा, दोन्ही मिळून २८ दिवस भरले. तो निव्वळ विद्यार्थी. ३१ दिवस भरले, की तो विद्यार्थीही आहे आणि दुय्यम कामकरीही. तीन दिवसांनी त्याची जात बदलली! अर्थात कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण ज्याच्या घरी दिवस कॅलेंडरवर मोजत नाहीत, त्याला ‘तीस दिवस भरले का?’ असे विचारले तर तो बहुधा तुमच्या तोंडाकडे पाहून, तुम्हाला काय हवे आहे याचा अंदाज घेऊनच उत्तर देईल.

आजीची गोष्ट आणखी नाजूक आहे. नमुना पाहणीत प्रत्येक माणसाच्या कामाला एक क्रमांक देतात. ११ म्हणजे स्वतःचा धंदा वा शेती करणारा, २१ म्हणजे घरच्या शेतीत वा धंद्यात बिनपगारी मदत करणारा, ३१ पगारी नोकर, ५१ रोजंदारीवरचा मजूर, ८१ काम शोधणारा, ९१ विद्यार्थी. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी व्यक्ती. आणि ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी सरपण, रानभाज्या, कंदमुळे, चारा गोळा करणारी किंवा घरच्यासाठी शिवणकाम वगैरे करणारी. ११ पासून ५१ पर्यंतचे लोक कामकरी धरले जातात, ९१ पासून पुढचे नाहीत.

आजीने वेचलेला मोह धडगावच्या आठवडी बाजारात विकला, तर ती ११ क्रमांकात जायला हवी. तोच मोह घरी ठेवला तर ९३. पहाटे उठणे तेच, वाकून वेचणे तेच, टोपलीही तीच. फरक एवढाच, की ती टोपली कुठे रिकामी झाली. बहुतेक घरांत थोडा मोह विकतात आणि थोडा ठेवतात. मग क्रमांक कोण ठरवतो? प्रगणक. म्हणजे तुम्ही-आम्ही. संध्याकाळ झालेली असते, अजून दोन पाडे उरलेले असतात, आणि आजीकडे पाहून ९२ लिहिणे सर्वात सोपे असते.

ही चूक आमच्याही हातून झाली आहे. आम्ही पहिल्यांदा या भागात प्रश्नावली घेऊन गेलो ते मे महिन्याचे दिवस होते. ओसरीवर घरधनी बसला होता, आम्ही त्याला एकेक प्रश्न विचारत होतो. बायकोच्या ओळीवर आलो. ‘त्या काय करतात?’ तो म्हणाला, ‘काही नाही, घरीच असते.’ आम्ही तसे लिहिले. ती आमच्यापासून चार हातांवर बसून कैऱ्या सोलत होती. शेजारी सालींचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता. आमच्याबरोबरच्या स्थानिक शिक्षकाने परतीच्या वाटेवर हळूच विचारले, ‘सर, त्या आमचुराचे पैसे कुणाच्या खात्यात धरायचे?’ तोवर आमची तेवीस घरे भरून झाली होती.

दोष कुणाचा? नवऱ्याने खोटे सांगितले नव्हते. मराठीत ‘काम करते’ याचा रूढ अर्थ बाहेर जाऊन पैसे आणते, आणि ‘नोकरी’ म्हणजे महिन्याचा पगार. घरच्या धंद्यात राबणे या दोन्हींत बसत नाही. त्यातून आमचा प्रश्न छापलेला पुस्तकी मराठीत, विचारणारा खानदेशी वळणाने बोलणारा, आणि ऐकणारा घरी पावरी बोलणारा. सातपुड्यात भिलीच्या अनेक बोली आहेत, नवापूरकडे मावची आहे, सपाटीवर अहिराणी आणि गुजरी. प्रश्न एका बोलीत नेऊन ठेवला की तो दुसरा प्रश्न होतो. यावर उपाय आहे. एकाने प्रश्न बोलीत न्यायचा आणि मूळ प्रश्न न पाहिलेल्या दुसऱ्याने तो पुन्हा मराठीत आणायचा. दोन्ही मराठी प्रश्न शेजारी ठेवले की कुठे काय सांडले ते लगेच दिसते. वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहा, हसून पुरेवाट होते.

उत्तर देणारा कोण आणि प्रश्न किती लांब, यानेही आकडे बदलतात, हे केवळ आमचे मत नाही. टांझानियात संशोधकांनी यावर मुद्दाम प्रयोग केला आणि २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले. काही गटांत थोडक्यात विचारले, काहींत आधी चाचपणीचे प्रश्न घातले : शेतात गेला होता का, काही विकले का, घरच्या धंद्यात हात लावला का. शिवाय काही गटांत प्रत्येकाला स्वतःविषयी विचारले, काहींत एकानेच दुसऱ्याविषयी सांगितले. थोडक्या प्रश्नावलीत कामकरी स्त्रियांचे प्रमाण कमी आले. आणि दुसऱ्याने सांगितले तेव्हा कामकरी पुरुषांचे प्रमाण कमी आले. हा दुसरा निष्कर्ष आम्हाला अनपेक्षित होता. आपण समजतो की लपते ते फक्त बायकांचेच काम.

हे कळल्यावर वर्तमानपत्रातले आकडे थोडे वेगळ्या नजरेने वाचता येतात. ग्रामीण भारतात १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी श्रमबलात असलेल्यांचे प्रमाण २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते ४७.६ टक्के झाले. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. वाढीचा मोठा भाग स्वतःची शेती, स्वतःचा धंदा आणि बिनपगारी मदत यांतला आहे. खरेच इतक्या स्त्रिया नव्याने कामाला लागल्या, की आधी ९२ आणि ९३ मध्ये पडणाऱ्या स्त्रिया आता जास्त नेटाने विचारल्यामुळे २१ मध्ये येऊ लागल्या? अर्थतज्ज्ञांत यावर वाद आहे. आम्हाला विचाराल तर दोन्ही थोडे थोडे खरे असावे.

आणि बेकारीचा दर कमी आला म्हणजे सुबत्ता आली असेही नाही. बेकार राहणे परवडावे लागते. घरात चार महिने खाण्याची सोय असेल तरच माणूस ‘मनासारखी नोकरी मिळेपर्यंत थांबतो’ म्हणतो. ज्याला संध्याकाळच्या पिठाची भ्रांत आहे तो नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर जातो, मिळेल त्या दराने. आठवड्याच्या पट्टीवर एक तासही पुरतो, मग तो बेकार कुठला? म्हणूनच आपल्याकडे शिकलेल्यांत बेकारीचा दर जास्त आणि न शिकलेल्यांत कमी दिसतो. शिक्षणाने बेकारी वाढते असा सोयीस्कर अर्थ यातून काढणारे लोक भेटतात, त्यांना हे जरूर सांगावे.

आता जानेवारीतल्या त्या घराकडे परत जाऊ. नंदुरबार-धुळ्याकडून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे होणारे स्थलांतर नवे नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या ऊसतोड कामगारांवर १९७० च्या दशकातच लिहिले आहे, आणि त्यांतले पुष्कळ जण खानदेशचे होते. पावसाळ्यात मुकादम गावात येऊन उचल देतो, दिवाळीनंतर माणसे जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मजुरी माणसाला नव्हे, ‘कोयत्या’ला मिळते. कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. एक तोडतो, दुसरी मोळ्या बांधते आणि वाहते. हिशेब टनावर आणि मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे. म्हणजे अर्ध्या कोयत्याची कमाई कागदावर येतच नाही.

पण त्याआधीचा प्रश्न असा, की पाहणीत हे लोक येतात तरी का? नमुना पाहणीत कुटुंबातला माणूस कोण, याचा नियम आहे. सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर असेल तर तो घरचाच धरायचा. सहा महिने वा जास्त असेल तर घरचा नाही. आणि २००७-०८ च्या पाहणीत अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे वर्षात एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांहून कमी काळ कामासाठी बाहेर राहिलेला माणूस, अशी व्याख्या होती. ऊसतोडीचा हंगाम साधारण पाच ते सहा महिन्यांचा. पाऊस चांगला झाला, ऊस भरपूर आला, की हंगाम लांबतो. म्हणजे ज्या वर्षी जास्त माणसे जास्त काळ बाहेर राहतात, नेमकी त्याच वर्षी काही माणसे ‘अल्पकालीन स्थलांतरित’ या व्याख्येतून निसटतात!

बरे, अख्खे कुटुंब गेलेले असेल तर दार बंद. बंद घराऐवजी दुसरे घर घेण्याची सोय पाहण्यांच्या नियमांत असते. पण जे घर उघडे सापडते ते कशा प्रकारचे घर असते, याचा विचार करा. ज्यांना जावे लागले नाही त्यांचे. कदाचित विहीर असलेले, कदाचित एखाद्याला पगार असलेले. दहा बंद घरांच्या जागी दहा उघडी घरे घातली तर तक्ता पूर्ण होतो, बेरीज जुळते आणि पाडा आहे त्याहून सुखी दिसतो. तिकडे गुजरातेत ही माणसे उसाच्या फडाजवळ कोप्यांत राहतात, फड संपला की कोपी हलते. तिथल्या नियमानेही ती पाहुणीच.

जनगणनाही यातून सुटत नाही. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. ऐन तोडणीचे दिवस. या सबंध काळात जो गावात नव्हता त्याची नोंद गावात करायची नाही, तो जिथे असेल तिथे व्हायची, असा नियम. त्यामुळे वर दिलेला १६ लाख ४८ हजार हा आकडा फेब्रुवारीतल्या नंदुरबारचा आहे, जुलैतल्या नंदुरबारचा नव्हे. २०२७ च्या जनगणनेसाठीही महाराष्ट्रात १ मार्च हाच संदर्भदिन जाहीर झाला. या आकड्यांवरच गावाला किती धान्य, किती अंगणवाड्या, शाळेत किती खोल्या हे ठरत असते. त्यामुळे फेब्रुवारीत तक्ता घेऊन पाड्यावर जाणाऱ्या शिक्षकाने बंद दारासमोर दोन मिनिटे जास्त थांबून शेजारी विचारले, तर ती दोन मिनिटे फुकट जात नाहीत.

लोक काय विकत घेतात, हा प्रश्न कामापेक्षा सोपा असेल असे वाटते. पण तिथेही काळाची पट्टी आडवी येते. मागच्या तीस दिवसांत तेल किती आणले? तुम्हीच आठवून पाहा. घानामधल्या एका अभ्यासात असे दिसले की आठवायचा काळ एकेका दिवसाने वाढवला की सांगितलेला दैनिक खर्च सुमारे ३ टक्क्यांनी घटतो. विस्मरण हे एक. दुसरे याच्या उलट : दोन महिन्यांपूर्वी घेतलेली घोंगडी ‘अगदी परवाच’ घेतल्यासारखी वाटते आणि महिन्याच्या हिशेबात घुसते. म्हणून आता नमुना पाहणीत तेल, भाजी, अंडी, मासे, मटण, मसाले यांसाठी सात दिवस, धान्य-डाळींसारख्या गोष्टींसाठी तीस दिवस आणि कपडे, चपला, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांसाठी ३६५ दिवस विचारतात.

सातपुड्यात मात्र सात दिवसांतही गोम आहे. कोणते सात दिवस? होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात. ज्याला जमेल तो गावी येतो. कपडे, चांदीचे दागिने, गूळ, डाळ्या, सगळी खरेदी त्या दिवसांत. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांची यात्रा भरते, तेव्हा शहाद्याच्या बाजूचा खर्च बदलतो. अशा आठवड्यात गेलात तर पाडा उधळा दिसेल, ऑगस्टात गेलात तर कंगाल. त्यामुळे मोठ्या पाहण्या वर्षभर चालू ठेवतात आणि निवडलेली गावे हंगामांत वाटून देतात. २०२२-२३ ची घरखर्च पाहणी ऑगस्ट ते जुलै अशी झाली. तिच्यात एका घराला एकाच बैठकीत सगळे विचारण्याऐवजी अन्न, किरकोळ वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू यांसाठी वेगवेगळ्या महिन्यांत तीन भेटी दिल्या. तासन्‌तास प्रश्नांना उत्तरे देऊन माणूस कंटाळतो आणि शेवटच्या पानांवर ‘नाही, नाही’ म्हणत सुटतो, हे ओळखून केलेली ही सुधारणा आहे.

शिवाय जे विकत घेतलेच नाही त्याचे काय? घरची ज्वारी, रानातली भाजी, नदीतले मासे. पाहणी त्यांनाही किंमत लावते : घरच्या पिकाला शेतावरच्या भावाने, फुकट गोळा केलेल्याला स्थानिक बाजारभावाने. पण त्यासाठी ते आधी सांगितले जायला हवे. पावसाळ्यात रोज ताटात येणारी रानभाजी ‘खर्च’ या शब्दाखाली कुणाला आठवेल? जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवले होते, की उत्पन्न वाढेल तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो. ग्रामीण भारतात हा वाटा १९९९-२००० मध्ये ५९ टक्के होता, २०२२-२३ मध्ये तो ४६ टक्क्यांवर आला. ही घट खरी आहे, तिच्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण एखाद्या पाड्यावर तो वाटा कमी दिसला तर दोन शक्यता उरतात. उत्पन्न वाढले असेल, किंवा रानभाजी विचारायची राहिली असेल.

एव्हाना कुणी म्हणेल, जास्त घरांना विचारा, चुका आपोआप जातील. काही जातात, काही अजिबात जात नाहीत. नवऱ्याला विचारण्याची चूक हजार घरांत केली तर ती हजारपट पक्की होते. जी चूक घरे वाढवून घटते ती निवडीतल्या योगायोगाची. पण तिच्यातही नंदुरबारचा एक धडा आहे. समजा ३२ गावांतून प्रत्येकी १२, अशी ३८४ घरे निवडली आणि त्यांतल्या ४० टक्के घरांतून कुणीतरी ऊसतोडीला गेलेले आढळले. ही ३८४ घरे जिल्हाभरातून सुटी सुटी निवडलेली असती, तर खरा आकडा या ४० च्या मागेपुढे सुमारे ५ टक्क्यांत असेल असे आपण भरवशाने म्हटले असते. पण एका पाड्यावर मुकादम एकच असतो. जातात तर सगळेच जातात, नाहीतर कुणीच नाही. पाचव्या घरी विचारेपर्यंत सहाव्याचे उत्तर तुम्हाला माहीत झालेले असते. म्हणजे बारा घरांनी बारा घरांइतकी माहिती दिलीच नाही. शेजाऱ्यांमधले साम्य ०.२ धरले तर गणित असे होते : १ + (११ × ०.२) = ३.२, आणि ३८४ ला ३.२ ने भागले की उरतात १२०. विचारले ३८४ घरांना, पण माहिती मिळाली १२० घरांएवढी, आणि मागेपुढे ५ च्या जागी सुमारे ९ टक्के धरावे लागतात.

म्हणूनच अनेक वर्षे अशा पाहण्यांचे निकाल राज्यासाठी किंवा फार तर विभागासाठी सांगत. नमुना पाहणीच्या हिशेबात नंदुरबार, धुळे, जळगाव आणि नाशिक मिळून एक विभाग होता. धडगावचा मोह आणि निफाडची द्राक्षे एका सरासरीत! जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीची रचना बदलली. घरांची संख्या वर्षाला सुमारे २ लाख ७२ हजारांवर नेली आणि निवडीसाठी जिल्हा हा मूळ घटक धरला. एका गावातून १२ घरे घेतात, वरचे उदाहरण आम्ही त्यावरूनच रचले.

राहिला मुलांचा प्रश्न, जो आपण वर्गात नेहमीच विचारतो. मोठेपणी कोण होणार? ‘असर’च्या २०१७ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना हे विचारले होते. मुलगे सैन्य, पोलीस, इंजिनिअर म्हणाले, मुली शिक्षिका, नर्स. आणि सुमारे ४० टक्के मुलांना त्यांनी सांगितलेल्या क्षेत्रातले आदर्श वाटावे असे कुणीच माहीत नव्हते. डोंगरातल्या मुलाला पगारी माणसे दिसतात ती चार-पाच : गुरुजी, नर्सबाई, पोलीस, बसचा ड्रायव्हर, ग्रामसेवक. तो पसंती सांगत नसून यादी वाचतो आहे. पर्याय छापून दिले तर पहिला किंवा शेवटचा पर्याय जास्त उचलला जातो. न देता विचारले तर ‘माहीत नाही’ वाढते.

यापेक्षा चांगली एक रीत आहे. स्वप्न न विचारता दोन ठोस गोष्टींतून एक निवडायला सांगायचे. सुरतेत महिना १५,००० रुपये, राहणे आठ जणांच्या खोलीत. की नंदुरबारला १०,००० आणि दर शनिवारी घरी? मग १०,००० चे ९,००० करायचे, ८,००० करायचे आणि मूल कुठे पलटते ते पाहायचे. घराजवळ राहण्याची किंमत त्या मुलाच्या मनात किती आहे, हे त्याला किंवा तिला न विचारताच कळते. बाजारात लोक साबणाची मोठी वडी घेतील की लहान, पिशवीतला चहा घेतील की सुटा, हे शोधणारेही हीच रीत वापरतात.

आठवी-नववीच्या वर्गात करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. चिठ्ठ्या टाकून वर्गाचे दोन भाग करा. पहिल्या भागातल्या मुलांनी घरी जाऊन वडिलांना किंवा जो मोठा पुरुष असेल त्याला एकच प्रश्न विचारायचा : घरात कामाला किती जण? दुसऱ्या भागातल्यांनी प्रत्येक मोठ्या माणसाला वेगवेगळे गाठून विचारायचे : मागच्या सात दिवसांत शेतात गेलात का, गुरे चारलीत का, रानातून काही आणलेत का, त्यातले काही विकलेत का, कुणाकडे मजुरीला गेलात का? स्वतःच्या घरी विचारायचे असल्याने परवानगीचा प्रश्न येत नाही, पण उत्तरांवर नावे लिहू देऊ नका. दुसऱ्या दिवशी दोन्ही भागांची सरासरी फळ्यावर मांडा. जी घरे बंद असतील, म्हणजे जी मुले नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहतात, त्यांच्यासाठी फळ्यावर तिसरा रकाना ठेवा. तो रिकामा राहिला तरी पुसू नका. प्रयोग जुलैत केला असेल तर जानेवारीत पुन्हा करा, आणि दोन्ही वेळचे कागद जपून ठेवा.